सिमरोलला कोणती वेल लावावी

ओट्यावर सहा कुंड्या, प्रत्येकीला पत्र्याची पट्टी.
नावं भेरूलाल पाटीदारनं खिळ्यानं कोरलेली,
त्यातली दोन चुकीची,
एक वाचताच येत नाही.

थॉमसन मी आधीच बाजूला सरकवली.
पातळ साल, बी नाही, जिभेशी वाद नाही.
चोइथराम मंडीत आधी तिचीच पेटी उचलतात.
आणि ऑगस्टात घाटातून ढग वर चढून
तीन दिवस हलले नाहीत की
तिच्याच पानावर पहिला तेलकट डाग पडतो,
कुणी भजं ठेवून उचलल्यासारखा.
पान उलटं केलं की खाली पांढरी लव.
केवडा म्हणतात त्याला.
वास न घेताच ठेवलं असणार हे नाव.

सासऱ्यांनी बारा वर्षं त्याच्याशी दावा मांडला.
मोरचूद, चुना, दोनशे लिटरचं पिंप.
विळ्याचं पातं बुडवून बघायचे,
तांबूस झालं तर चुना कमी.
पंपाच्या खोलीत दिव्याच्या बटणाशेजारी
त्यांचा निळा पंजा अजून आहे.
रंगाऱ्याला मी तेवढी जागा सोड म्हणाले.
का, ते त्याला नीट सांगता आलं नाही.

भेरूलालचं एकच म्हणणं :
"भाभी, जो खुद लड़े, वा लगाओ."

म्हणून या पावसाळ्यात फवाराच मारला नाही.
सहाही जणींना एका ओळीत ठेवलं,
मधोमध आजारी थॉमसन,
आणि रोज सकाळी चष्मा पुसून हजेरी घेतली.

बंगलोर ब्ल्यू टिकली. पण तिचा वास असा
की खोलीत आधी तो येतो, मग द्राक्ष.
नवरंग टिकली. आतून लालभडक,
नातीनं चावून हात फ्रॉकला पुसला,
फ्रॉक आता पुसायला वापरतो.
आणि ती, जिचं नाव वाचता येत नाही,
पानाला खालून लोकर असलेली,
तिच्यावर बारीक काळे ठिपके उठले,
टाचणीच्या डोक्याएवढे.
म्हटलं, गेली हीसुद्धा.

कृषी महाविद्यालयातली इरावती मुंगी
भिंग लावून हसली.
म्हणाली, काकू, हे पानानंच केलंय.
बुरशी जिथे शिरली
तिथल्या स्वतःच्याच पेशी मारून टाकल्या,
पुढचा घास मिळू नये म्हणून.

ती स्कूटरवरून गेल्यावरही
मी ते पान हातात धरून होते.
आमच्या यमूआत्या देवासला दिलेल्या.
एका संध्याकाळी एक ट्रंक घेऊन परत आल्या
आणि त्या घराचं नाव
पुन्हा तोंडातून काढलं नाही.
देवासची गाडी दिसली तरी मान वळवायच्या.
तेवढं वाळू दिलं त्यांनी.
बाकीच्या हिरव्यागार राहिल्या, ऐंशीपर्यंत,
पत्त्यांत लबाडी करत,
आणि धरलं तर आमच्यावरच ओरडत.

आता हिशेब. चाळीस ओळी.
जाड सालीचं द्राक्ष बघून आडत्या नाक मुरडणार,
बी थुंकायला गिऱ्हाइकाला वेळ नसतो, म्हणणार.
भावात किलोमागे दहा-बारा रुपये जातील.
मोरचूदाचे वाचतील, औषधाचे वाचतील,
फवारणीनंतर कमलीबाईचे डोळे
संध्याकाळभर लाल असायचे,
त्याचा आकडा कोणत्या रकान्यात लिहायचा
हे कळेना, तेव्हा वही मिटली.

तीस ओळी त्या बिननावीच्या.
आठ नवरंग, रस काढणारा कुणी भेटेलच.
दोन ओळी थॉमसन,
पंपाच्या खोलीला लागून.
भेरूलालनं कपाळाला हात लावला.
मी म्हटलं, असू दे.

मग त्याच्याचकडून खिळा मागून घेतला.
पट्टी मांडीवर ठेवून पुसली, घासली,
जुनी अक्षरं उन्हात तिरपी धरून पाहिली.
त्यालाही आठवेना.
मी खाली आजची तारीख कोरली
आणि कुंडी आत, सावलीत नेली.